पाणी कधी बंद करायचे, असे विचारणाऱ्या मुलीसाठी : ज्युदो महासंघांना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय ज्युदो महासंघांचे पदाधिकारी, निवड समित्यांचे सदस्य आणि राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक यांस

स. न. वि. वि.

ज्युदोत डाव टाकणाऱ्याला तोरी म्हणतात आणि ज्याच्यावर डाव पडतो त्याला उके. आंतरराष्ट्रीय पदके मिळवलेल्या एका मुलीची मी अकरा वर्षे उके होते. तिच्या प्रत्येक पदकाआधी मी तिच्या हातून काही हजार वेळा मॅटवर पडलेली असे. त्यामुळे तिच्या अंगात काय चालले आहे हे मला तुमच्या वजनकाट्याच्या आधी कळायचे. तिचे नाव इथे लिहीत नाही. तिने हे पत्र वाचले आहे, छापायला हो म्हटले आहे, नाव घालायला नाही.

लिहायचे कारण गेल्या महिन्यातले. सराव संपल्यावर आमच्यातली एक पंधरा वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. नुकतेच तिला कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, गटातले पहिले पदक मिळाले आहे. पट्टा सोडता सोडता तिने विचारले, "ताई, पाणी नेमके किती दिवस आधी बंद करायचे?" उचिमाता या डावात पाय किती वर न्यायचा, असे विचारावे तितक्या सहज तिने हे विचारले. वजनगटात बसण्यासाठी स्पर्धेआधी पाणी तोडणे हा खेळाचाच एक भाग आहे आणि आपण तो शिकतो आहोत, असे तिला वाटत होते. मला त्या रात्री झोप आली नाही, कारण अगदी हाच प्रश्न, जवळजवळ याच वयात, मी जिची उके होते त्या माझ्या मैत्रिणीने विचारला होता, आणि तेव्हा मी तिला उत्तर दिले होते. मला जे शिकवले गेले होते तेच मी तिला सांगितले.

माझी मैत्रीण ५२ किलो गटात खेळायची. सतराव्या वर्षी पहिले आंतरराष्ट्रीय पदक मिळाले तेव्हा तिचे खरे वजन ५३ होते. दोन दिवस जेवण हलके ठेवले की काम व्हायचे. विसाव्या वर्षी ते ५६ झाले आणि बाविसाव्या वर्षी ५८. उंची थोडी वाढली, खांदे भरले, पाठ रुंद झाली. कुठल्याही वाढत्या मुलीत जे होते ते झाले, शिवाय रोज दोनदा सराव करणाऱ्या मुलीत जे व्हायला हवे तेही झाले. तुमच्या नोंदवहीत मात्र ती ५२ चीच राहिली. ५८ किलोच्या बाईने वर्षातून सहा-सात वेळा ५२ व्हायचे, म्हणजे दर वेळी अंगाचा दहावा हिस्सा कुठेतरी ठेवून यायचा.

तो कुठे ठेवला जातो, हे स्पर्धेच्या दिवशी पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना दिसत नाही, म्हणून सांगते. आधी मीठ जाते, मग भात-पोळी-पाव काहीही असो, ते जाते. शेवटच्या तीन दिवसांत पाणी मोजून घोटाघोटाने, आणि शेवटच्या दिवशी फक्त तोंड ओले करण्यापुरते. प्लास्टिकच्या कपड्यांवर दोन जाड जॅकेटे चढवून धावायचे. गरम पाण्याच्या टबात बसायचे, बाहेर येऊन घोंगड्यात गुंडाळून घ्यायचे, परत टबात जायचे. च्युइंगम चघळून बाटलीत थुंकत राहायचे, कारण थुंकीलाही वजन असते. काट्यावर ५२.३ दिसले की पुन्हा जॅकेटे. मी तिच्याबरोबर धावायचे. ती बोलायची नाही, कारण बोलले की तोंड कोरडे पडते. एकदा हॉटेलच्या जिन्यात ती बसून राहिली आणि म्हणाली, "तू जरा माझ्याशी बोल, मी नुसती ऐकते." मी काय बोलले ते मला आठवत नाही. तिचे ओठ आठवतात.

२०१३ पासून अधिकृत वजन आदल्या संध्याकाळी घेतले जाते. पूर्वी ते स्पर्धेच्या सकाळी व्हायचे. आता रात्रभरात पाणी आणि अन्न परत भरता येते, आणि त्याचा गैरफायदा कोणी घेऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काही खेळाडूंची चिठ्ठी टाकून पुन्हा वजन होते. गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त भरले तर बाद. ५२ किलोसाठी ती रेघ ५४.६ वर येते. म्हणजे ५८ किलोच्या मुलीने संध्याकाळी ५२ भरायचे आणि सकाळीही ५४.६ च्या आत राहायचे. जिच्या अंगाला सहा किलो हवे आहेत, तिला अडीच किलोंवर थांबून सकाळची पहिली लढत खेळायची असते. हा नियम चांगल्या हेतूने आला आहे हे मी मान्य करते. जे एक-दीड किलो उतरवतात त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. पण सहा किलो उतरवणाऱ्याला तो थांबवत नाही, तहान मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत लांबवतो.

उके म्हणून मला यातले सर्वात आधी कळायचे ते पकडीतून. ज्युदोत सगळे पकडीवर असते. डाव्या हाताने बाही, उजव्या हाताने कॉलर, आणि समोरच्याचा तोल तिथून वाचायचा. वजन उतरवायला लागली की तिसऱ्या आठवड्यात तिची बाहीवरची बोटे लढतीच्या शेवटच्या मिनिटात उघडायला लागायची. आपोआप. तिला कळायचेही नाही, मला कळायचे. अंगातले पाणी कमी झाले की रक्त कमी आणि दाट होते, हृदयाला तेच काम करायला जास्त धडधडावे लागते, स्नायूंतली साठवलेली साखर संपलेली असते. चार मिनिटांच्या लढतीत हे एक वेळ झाकून जाते. पण बरोबरी झाली की गोल्डन स्कोअर सुरू होतो आणि त्याला वेळेची मर्यादा नाही. कोणीतरी गुण घेईपर्यंत किंवा कोणाला तरी दंड होऊन बाद व्हावे लागेपर्यंत लढायचे. तिच्या कारकिर्दीतल्या पराभवांची यादी तुमच्याकडे असेलच. त्यातले किती गोल्डन स्कोअरमध्ये झाले, आणि त्यातले किती बाहीची पकड सुटल्यावर, हे कोणी कधी पाहिले का?

तेविसाव्या वर्षापासून ती पाचवी येऊ लागली. ज्युदोत कांस्यपदके दोन असतात. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांना रेपेचेजमधून परत येता येते आणि दुपारी कांस्यपदकाची लढत खेळता येते. त्या लढतीत हरणारे दोघे पाचवे ठरतात. मला स्वतःला कांस्यपदक फार आवडते. रौप्य मिळवणारा शेवटची लढत हरून घरी जातो, कांस्य मिळवणारा सकाळी हरलेला असूनही दिवसाची शेवटची लढत जिंकून जातो. तिची पहिली दोन कांस्यपदके अशीच आली होती, सकाळी चीत होऊन आणि दुपारी समोरचीला चीत करून. पण दिवसाची पाचवी-सहावी लढत रिकाम्या अंगाने जिंकता येत नाही. ती पाचवी आली, पुन्हा पाचवी आली, मग सातवी. तुमच्या अहवालात लिहिले गेले की तिची भूक कमी झाली आहे. त्या शब्दाचा मला आजही राग येतो. भुकेशिवाय तिच्या अंगात दुसरे काही उरले नव्हते.

तिने ५७ किलो गटात जायची परवानगी मागितली होती. तोंडी, मग लेखी. उत्तर मिळाले की ५७ मध्ये आपली एक मुलगी आहे आणि ५२ मध्ये तुझे गुण आहेत.

हे उत्तर देणारा माणूस दुष्ट होता असे मी म्हणत नाही. व्यवस्था त्याला तेच उत्तर द्यायला लावते. जागतिक क्रमवारी २००९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून गुण गटात मिळतात आणि गटातच राहतात. एका गटात मिळवलेले गुण दुसऱ्या गटात नेता येत नाहीत. शिवाय बारा महिन्यांनी ते अर्धे होतात आणि चोवीस महिन्यांनी जातात. स्पर्धेच्या सोडतीत पहिल्या आठ जणींना मानांकन मिळते, म्हणून क्रमवारीत वर असणे म्हणजे पहिल्याच फेरीत जगज्जेतीशी गाठ न पडणे. पॅरिस २०२४ साठी प्रत्येक गटात क्रमवारीतल्या पहिल्या सतरा जणींना थेट प्रवेश होता, आणि तोही एका देशाची एकच. वरच्या गटात जाणारी खेळाडू, मग तिच्या कपाटात कितीही पदके असोत, शून्यापासून सुरू करते. आणि तुम्ही पाठवायची स्पर्धा, शिबिर, प्रवासखर्च हे सगळे क्रमवारी पाहून ठरवता. शून्यावर उभ्या असलेल्या मुलीला स्पर्धेला पाठवले जात नाही आणि पाठवले नाही म्हणून ती शून्यावरच राहते. तेव्हा ती शहाणी मुलगी काय करते? जॅकेट घालते आणि धावते.

एका देशाची एकच, हा नियम किती कठोर आहे ते जगाने १३ डिसेंबर २०२० रोजी पाहिले. हिफुमी आबे आणि जोशिरो मारुयामा हे दोघेही ६६ किलोतले, दोघेही जगज्जेते, दोघेही जपानचे. टोकियोच्या कोदोकानमध्ये, म्हणजे ज्युदोच्या मूळ संस्थेत, रिकाम्या दालनात, एका जागेसाठी एक लढत झाली. ती २४ मिनिटे चालली. आबे जिंकला आणि पुढच्या उन्हाळ्यात ऑलिंपिक विजेता झाला. मारुयामाने त्याच वर्षी पुन्हा जागतिक विजेतेपद मिळवले, ऑलिंपिक मात्र त्याने बाहेरून पाहिले. त्या लढतीत मला एक गोष्ट मोलाची वाटते. निर्णय मॅटवर झाला, दोघांसमोर झाला, सगळ्यांना दिसला. माझ्या मैत्रिणीला ५७ मधल्या त्या मुलीशी एक लढतसुद्धा मिळाली नाही. तिचा निर्णय एका खोलीत झाला आणि त्या खोलीत ती नव्हती.

गट बदलला की कारकीर्द संपते, असे तुमच्या बैठकांत गृहीत धरलेले असते. इतिहास काय सांगतो ते पाहा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ४८ किलो गटाच्या अंतिम लढतीत उत्तर कोरियाच्या सोळा वर्षांच्या के सुन-हुईने रियोको तामुराला हरवले आणि सगळे थक्क झाले. तामुरा म्हणजे त्या काळातले सर्वात मोठे नाव. त्या सोळा वर्षांच्या मुलीला तुमच्यासारख्यांनी आयुष्यभर ४८ मध्ये कोंडले असते. ती ऑलिंपिक विजेती होती, कोण हलवणार? पण २००० मध्ये ती ५२ किलोत खेळली, कांस्य मिळाले. २००१ मध्ये त्याच गटात जगज्जेती झाली. पुढे ५७ मध्ये गेली, २००४ मध्ये ऑलिंपिक रौप्य, आणि २००३, २००५, २००७ अशी तीन जागतिक विजेतेपदे. तीन गटांत तीन ऑलिंपिक पदके. क्युबाच्या द्रिउलिस गोन्सालेसने १९९२ ते २००० या काळात हलक्या गटात कांस्य, सुवर्ण आणि रौप्य मिळवले आणि २००४ मध्ये ६३ किलोत जाऊन चौथे ऑलिंपिक पदक आणले. ग्रीसचा इलियास इलियादिस अथेन्समध्ये सतराव्या वर्षी ८१ किलोचा ऑलिंपिक विजेता झाला. त्यानंतर तो ९० किलोत गेला आणि तिथे तीनदा जगज्जेता ठरला. या तिघांची शरीरे वाढली आणि त्यांच्या कारकिर्दी शरीराबरोबर वाढल्या.

तामुराचेही सांगते, कारण लग्नानंतर तानी झालेल्या या बाईचे उदाहरण तुम्ही उलट बाजूने द्याल. ती १९९२ पासून २००८ पर्यंत ४८ किलोतच खेळली. पाच ऑलिंपिक, पाच पदके, त्यांत दोन सुवर्ण. मूल झाल्यावर २००७ मध्ये परत येऊन जगज्जेतीही झाली. खरे आहे. पण तिची उंची १४६ सेंटिमीटर आहे. तो गट तिच्या शरीराचाच होता. एकीला जे अंगासरशी बसते ते दुसरीला घट्ट होते, एवढे आपण ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, मोजताना पाहतो. बाहीची लांबी, कडांची जाडी, मनगटापाशी कापड किती सैल आहे, सगळे मोजपट्टी लावून तपासतो. कापडाची जेवढी तपासणी होते तेवढी आतल्या माणसाची होत नाही.

मग तिचा गुडघा गेला. पंचविसाव्या वर्षी, स्पर्धेच्या चार दिवस आधी, माझ्याबरोबरच्या सरावात. साधा डाव होता, हजार वेळा केलेला. ती वळली, आधाराचा पाय मॅटवर रुतून राहिला आणि शरीर पुढे गेले. आवाज मला ऐकू आला. पुढचा बंध तुटला होता. पाणी उतरवल्यामुळेच तो तुटला असे मी सिद्ध करू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. पण थकलेला पाय उशिरा वळतो हे प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असते, आणि त्या आठवड्यात तिने चार दिवस धड जेवण केले नव्हते हे मला माहीत आहे. तिची पाळी तोपर्यंत दीड वर्ष बंद होती. हेही तिने लिहायला सांगितले म्हणून लिहिते. तेव्हा ते आम्हाला सोयीचे वाटायचे. ऊर्जेच्या अशा कमतरतेने हाडे, हार्मोन्स, हृदय, मन सगळ्यावर परिणाम होतो, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्येच मांडून ठेवले होते. आमच्यापर्यंत ते कोणी आणले नाही.

शस्त्रक्रियेनंतर अकरा महिन्यांनी ती परतली तेव्हा तिचे वजन ५९ होते. संघाच्या शिबिराचे पत्र आले. त्यात गट लिहिला होता ५२. तिने ते पत्र घडी करून ज्युदोगीच्या पिशवीत ठेवले आणि त्या पिशवीला पुढची दोन वर्षे हात लावला नाही. निवृत्तीची घोषणा वगैरे काही झाले नाही.

यापेक्षा वाईटही घडले आहे. १९९६ मध्ये, अटलांटाच्या काही महिने आधी, दक्षिण कोरियाचा बावीस वर्षांचा एक ज्युदोपटू वजन उतरवत असताना हृदय बंद पडून गेला. त्याच्या पुढच्या वर्षी, १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण वजन उतरवतानाच गेले. तिथे मात्र पुढच्याच वर्षी नियम बदलले. प्लास्टिकचे कपडे आणि तापवलेल्या खोल्या बंद झाल्या. हंगाम सुरू होण्याआधी अंगात पुरेसे पाणी असताना वजन आणि चरबी मोजून प्रत्येक कुस्तीगिराचा सर्वात कमी सुरक्षित गट ठरवायला लागले, आणि त्याच्या खाली जायला मनाई झाली. म्हणजे हे करता येते. कुस्तीत करता आले, ज्युदोतही येईल, आणि त्यासाठी तीन मरणांची वाट पाहायची गरज नाही.

हे तुम्ही पुढच्या हंगामापासून करावे एवढेच माझे मागणे आहे. स्पर्धा नसलेल्या महिन्यात, लघवीच्या तपासणीने पाणी पुरेसे आहे याची खात्री करून, संघातल्या आणि संघाच्या उंबरठ्यावरच्या प्रत्येक खेळाडूचे खरे वजन घ्या. ते गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून वर असेल तर त्या खेळाडूला त्या गटात पाठवू नका, पदक हातचे दिसत असले तरी. अठरा वर्षांखालच्यांसाठी तर पाणी तोडून वजन उतरवायला सरळ बंदी घाला. ज्याने किंवा जिने आंतरराष्ट्रीय पदक मिळवले आहे आणि आता वरच्या गटात जायचे आहे, त्या खेळाडूची मदत आणि स्पर्धांचा कोटा वर्षभर तसाच ठेवा. क्रमवारी शून्य असली तरी माणूस शून्य नसतो. जागतिक स्पर्धेत एका गटात एका देशाचे दोघे उतरू शकतात, ती दुसरी जागा बहुतेक वेळा याच कामी येऊ शकते. गटाचा निर्णय ज्या बैठकीत होतो तिथे खेळाडू आणि संघाबाहेरचा डॉक्टर दोघे बसलेले असू द्या. आणि तुमच्यापैकी जे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या बैठकांना जातात त्यांनी तिथे एवढा प्रश्न मांडा, की गट बदलणाऱ्याचे निदान काही गुण सोबत का जाऊ नयेत.

पदके कमी होतील, अशी भीती तुम्हाला वाटते. पहिल्या वर्षी होतीलही. वर पैसे देणारे आहेत, त्यांना दर वर्षी आकडा दाखवावा लागतो, हे मी जाणते. त्यांना के सुन-हुईचा आकडा दाखवा.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान सुरू केले तेव्हा ज्युदोत वजनगट नव्हते. ते स्वतः अंगाने लहान होते आणि आडदांड मुलांपुढे टिकता यावे म्हणून जुजुत्सू शिकू लागले होते; त्यातूनच पुढे त्यांनी ज्युदो घडवला. १९६४ मध्ये ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा गट आले, हलक्याला न्याय मिळावा म्हणून. त्याच गटांपायी आज मोठ्या होत चाललेल्या मुलींना लहान राहावे लागते आहे.

माझी मैत्रीण हल्ली लहान मुलांना शिकवते. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मुले गेल्यावर तिने स्वतःहून पट्टा बांधला आणि मला म्हणाली, "ये, थोडी रांदोरी करू." रांदोरी म्हणजे मोकळ्या लढतीचा सराव. तिचे वजन साठ होते. तिने बाही पकडली आणि ती पकड सुटली नाही, पाच मिनिटांनी नाही, दहा मिनिटांनीही नाही. मग ती वळली आणि उचिमातावर मला असे उचलले, की एकोणिसाव्या वर्षानंतर तिच्या हातून तशी मी पडलेच नव्हते. मॅटवर पडल्या पडल्या मला रडू आले. ती अठ्ठावीस वर्षांची होती. त्याच वयात तानीने अथेन्सचे सुवर्ण जिंकले होते.

त्या पंधरा वर्षांच्या मुलीला मी सांगितले, की पाणी अजिबात बंद करायचे नाही, तू वरच्या गटात खेळ. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "पण मग माझी निवड होईल का?"

तिची निवड चाचणी पुढच्या हंगामात आहे. याचे उत्तर मी देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता. तिला लेखी द्यावे, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक उके